मग आणि म्हणून

१

टेप फिरत होती आणि तिच्यातून काहीच ऐकू येत नव्हतं.

ध्वनिमुद्रकाने ती थोडी पुढे पळवली, थांबवली, पुन्हा लावली. नुसती खरखर. अगदी टोकापर्यंत नेली, तरी खरखरच. काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या सगळ्यांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"डबा तोच आहे?" केंद्रप्रमुखांनी विचारलं. त्यांना सगळे साहेब म्हणत.

"डबा तोच आहे साहेब. वरची चिठ्ठीही माझ्याच हातची. आतली टेप..." त्याने चक्री उलटीसुलटी करून पाहिली. "आतली कोरी आहे. कुणीतरी बदललीय."

 त्या टेपवर मालिकेचा शेवटचा भाग होता. संध्याकाळी तो रेडिओवरून जायचा होता. त्या भागात लेखिकेने जीव ओतला होता.

मालिका जुनी होती. एक घर, घरात खंडीभर माणसं आणि सगळ्यांना सांभाळणारी, कधीच उंबरठा न ओलांडणारी आत्या. वर्षानुवर्षं त्या घरात रोज काहीतरी घडायचं. कुणी आजारी पडायचं, मग पाहुणे यायचे, मग चोरी व्हायची, मग लग्न ठरायचं. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नसायचा. श्रोते कंटाळून गळायला लागले तेव्हा या लेखिकेला आणलं गेलं. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, "आपल्या गोष्टीत नुसतं 'मग' आहे. मग हे झालं, मग ते झालं. आपल्याला 'म्हणून' पाहिजे. हे झालं म्हणून ते झालं. 'मग'वर माणूस जांभई देतो. 'म्हणून'वर तो उद्या पुन्हा रेडिओ लावतो."

ते पटलं होतं. श्रोते परतले होते. आणि तिने ठरवलं होतं, की आता गोष्ट पूर्ण करायची, आत्याला एकदाचं दाराबाहेर काढायचं.

साहेब ताडताड बाहेर गेले. लोखंडी दार ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ कुलपाचा. ते किल्ली खिशात टाकत परतले.

"टेप सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. दुपारपर्यंत सापडली नाही तर पोलीस येतील. आणि कपाटाची चावी ज्याच्याकडे असते," ध्वनिमुद्रकाकडे न बघता ते म्हणाले, "त्याने आपला काय तो विचार करून ठेवावा."

२

त्या मजल्याला खिडकी म्हणून नव्हती. आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड गाद्या ठोकल्या होत्या, आणि आपण बोललेलं तोंडाशीच विरतंय असं तिथे वाटायचं. एरवी लेखिकेला त्याचं काही वाटत नसे. आज दार बंद झाल्यापासून मात्र तिला वारंवार खोल श्वास घ्यावासा वाटत होता आणि तो पुरत नव्हता.

आत अडकले होते मोजकेच. साहेब. ध्वनिमुद्रक, ज्याची नोकरी दर वर्षी नव्या सहीवर चालायची. तरुण नट, ज्याला सगळे कौतुकाने आणि थोडं चिडवत हिरो म्हणत. मालिकेतली आत्या, जिला खऱ्या आयुष्यातही सगळे आत्याच म्हणत. ती आता सत्तरीकडे झुकली होती. लेखिका स्वतः. आणि उगाचच सापडलेला एक वायरमन. तो स्टुडिओबाहेरच्या बोळात आपल्या स्टुलावर बसून चरफडत होता. "मला दुसरीकडे कामं आहेत हो. मी टेप घेऊन काय करू, बांधू गळ्यात?"

सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करून झाल्या. टेप नव्हती.

साहेबांनी लेखिकेला बाजूला घेतलं. "बाई, तुम्हीच विचारा सगळ्यांना. मी विचारलं की माणसं तोंड मिटतात. तुम्ही रोज गुंते घालता, सोडवता. हा सोडवून दाखवा."

"गोष्टीतला गुंता मीच घातलेला असतो साहेब. हा दुसऱ्याने घातलाय."

"तेच तर बघायचंय."

तिने साहेबांपासूनच सुरुवात केली. जाहिरातदार साबण कंपनीला मालिका संपायला नको होती, हे तिला ठाऊक होतं.

"म्हणून मी चोरीन?" साहेब हसलेच. "अहो, मला थांबवायचाच असता तर मी कागदावर एक ओळ लिहून शेवट थांबवला असता. आणि सकाळी आल्यापासून हा हिरो माझ्या खोलीत बसून डोकं खात होता. सिनेमात काम मिळालंय, आजच मोकळं करा म्हणून. तुम्ही आलात तेव्हा कुठे उठला."

हिरोनेही तेच सांगितलं. त्याला मालिका संपायला हवी होती, जितकी लवकर तितकी बरी. लेखिकेने मनाशी जुळवलं. एकाला शेवट नकोय, दुसऱ्याला शेवटाची घाई. असे दोघे एकमेकांसाठी खोटं कशाला बोलतील? त्यांना सोडून द्यायला हरकत नव्हती.

म्हणजे उरले दोघेच. आणि त्या दोघांपैकी एकावर तिचा स्वतःपेक्षा जास्त जीव होता.

३

आत्या विश्रांतीच्या खोलीत विणत बसली होती. भाच्याच्या मुलासाठी पिवळा स्वेटर चालला होता. लेखिका सकाळी आली तेव्हाही ती अशीच, याच खुर्चीत, मान खाली घालून विणत होती.

"ये पोरी, बस. चहासुद्धा नाही ग मिळायचा आता, कोंडून घातलंय नुसतं." तिने सुया थांबवल्या नाहीत. "विचार काय विचारायचं ते."

"सकाळी काय काय झालं, सांगता?"

"सांगते की. आज निरोपाचा दिवस, म्हणून लवकर आले. म्हटलं, स्टुडिओत जरा एकटी बसते. पण दारावरचा लाल दिवा लागला होता, म्हणून वाटलं आत काम चाललंय. कामात कुणाला त्रास कशाला द्या, म्हणून इथे येऊन बसले. तू येईपर्यंत इथेच होते."

साधं, सरळ, एकाला एक जोडलेलं. लेखिकेला बरं वाटलं. पण लगेच पुढचा विचार आला आणि ते बरं वाटणं गेलं. लाल दिव्याचं बटण आतून दाबायचं असतं. दिवा लागला होता म्हणजे आत कुणीतरी होतं. आणि मुद्रणाचं काम करणारा माणूस इथे एकच होता.

ध्वनिमुद्रक काचेपलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. त्याला बोलतं करणं म्हणजे दगडातून पाणी काढणं होतं.

"आलो. मग पाणी प्यायलो. मग स्टुडिओचं दार ढकललं तर उघडेना."

"का?"

"काय माहीत. ते फुगतं कधीकधी. मग जिन्यात जाऊन सिगारेट ओढली. मग परत आलो. तेव्हा उघडलं."

"आणि कपाटाची चावी?"

त्याने भिंतीतल्या खिळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "खिशात ठेवायची असते. मी इथे खिळ्याला अडकवतो. रोजच. सगळ्यांना ठाऊक आहे."

"लाल दिवा लागला होता?"

"नाही."

"नक्की?"

"नव्हता मॅडम. असता तर दार ढकललंच नसतं ना."

साहेब तिच्यामागे कधी येऊन उभे राहिले तिला कळलं नव्हतं. "आत्या म्हणतात, लागला होता. इतक्या वर्षांची बाई खोटं बोलेल? आणि हा गडी जिन्यात जाऊन आला. टेप त्याच वेळी बाहेर गेली, दुसरं काय! झालं तुमचं काम, बाई. लावतो फोन."

"थोडं थांबा."

"कशाला? ह्याच्या सांगण्यात तुम्हाला काही ताळमेळ दिसतो?"

दिसत नव्हता, तेच तिला खात होतं. आलो, मग पाणी, मग दार, मग सिगारेट. असा प्रसंग कुणी लिहून आणला असता तर तिने लाल रेघ मारून परत केला असता. ध्वनिमुद्रकाने तिच्याकडे पाहिलं. आपल्याभोवती भिंती सरकत आल्यात आणि हात कुठे टेकवावा ते कळत नाही, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "मला नीट सांगता येत नाही. पण मी सांगितलं तेच झालं."

४

ती बोळात आली.  भिंतीला पाठ लावून तिने डोळे मिटले आणि सकाळ पुन्हा आठवायला घेतली, स्वतःची. लिफ्टमधून बाहेर पडले. बोळ. वाटेत स्टूल, म्हणून अंग चोरून पुढे गेले. स्टुलावर माणूस. त्याच्या हातात...

तिने डोळे उघडले. समोर वायरमन बसला होता.

"तुम्ही सकाळी दिवा कानाशी धरून हलवत होतात."

"हो. तार तुटली की आत टिणटिणतं."

"तो लाल दिवा? स्टुडिओच्या दारावरचा?"

"मग कुठला? कालच गेला होता तो. केंद्राच्या शिपायाने काल निघताना मला सांगितलं, उद्या सकाळी बदलून द्या म्हणून. तेवढ्यासाठी तर आलो, आणि अडकलो."

"तुम्ही आलात तेव्हा त्या बाई कुठे होत्या?"

"विणणाऱ्या? त्या खोलीत. हे स्टूल तिथूनच आणलं ना मी."

लेखिकेने मान डोलावली.  म्हणजे आत्या आली तेव्हा तो दिवा लागूच शकत नव्हता.

सवयीने चुकली असेल, तिने स्वतःला समजावलं. रोज जे दिसतं ते न दिसताही दिसल्यासारखं वाटतं माणसाला. वय झालंय. पण आत्याने नुसतं दिवा दिसला असं म्हटलं नव्हतं. दिवा लागला, म्हणून आत गेले नाही, म्हणून इथे बसले. सगळी सकाळ तिने त्या एका दिव्यावर उभी केली होती. दिवा काढून घेतला की खाली काहीच उरत नव्हतं.

आणि दिवा लागलाय असं कुणाला वाटेल? जो बाहेर उभा आहे त्याला नाही. त्याला काळा दिवा समोर दिसतो. जो आत आहे, ज्याने कडी लावून बटण दाबलं आणि जो बाहेर बघू शकत नाही, त्यालाच तसं वाटेल.

त्याच वेळी ध्वनिमुद्रक दार ढकलत होता. दार फुगलं नव्हतं. त्याला आतून कडी होती.

आपण फसलो, हे तिला कळलं, आणि कशामुळे फसलो तेही. खोटं सांगणारीने प्रत्येक गोष्टीला कारण जोडून आणलं होतं. खरं सांगणाऱ्याकडे कारणं नव्हती, कारण ती दाराच्या दुसऱ्या बाजूला होती. आणि जोडलेलं ऐकायची सवय झालेला तिचा कान त्या जोडण्यालाच भुलला होता.

ती विश्रांतीच्या खोलीच्या दाराशी गेली. पिवळ्या लोकरीवर, जिथून आजचं विणकाम सुरू झालं होतं तिथे, राखाडी बोटं उमटली होती. हात धुतल्याशिवाय लोकरीला न शिवणाऱ्या बाईची.

असली राखाडी धूळ या मजल्यावर एकाच ठिकाणी होती.

५

स्टुडिओच्या कोपऱ्यात पत्र्याचा मोठा ट्रे होता, खडीने भरलेला. गोष्टीत कुणी अंगणातून चालत आलं की ध्वनिमुद्रक त्या खडीवर बूट वाजवायचा. लेखिकेने आत्याला स्टुडिओत आणलं, दार लोटलं आणि ट्रेपाशी जाऊन उभी राहिली. वाकली नाही.

आत्याने खडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "प्लास्टिकच्या पिशवीत घातलीय. खराब नाही व्हायची."

"का, आत्या?"

"तुला कळलंच आहे सगळं, तर हेही ओळख की."

"तुम्हीच रोज म्हणायचात, 'या घरातून सोडव ग मला एकदा.' चहा पिताना, लिफ्टमध्ये, रोज. मला वाटलं, मी तुम्हाला सोडवतेय."

"म्हणायचं असतं तसं." आत्या खुर्चीवर बसली. "माझ्या भाच्याचं घर पाहिलंयस? स्वयंपाकघरामागची खोली आहे माझी. वाईट नाहीत ग कुणी. वेळेवर ताट येतं. पण दिवसभर माझ्याशी कुणाला काही बोलायचं नसतं. आणि इथे आले की घरभर 'आत्या, आत्या'. भांडायला माणसं, रुसायला माणसं. तुझ्या त्या दाराबाहेर पडले की मी कुठे जाणार होते? त्या खोलीतच ना?"

 गाद्यांच्या भिंती दोघींचा श्वासही गिळत होत्या.

"टेप नाही मिळाली तर साहेब जुना भाग लावतील, साबणवाले खूश होतील, आणि चालू राहील आपलं, असं वाटलं. एवढंच वाटलं."

"आणि तो? बाहेर साहेब पोलिसांना बोलावतायत, त्याच्यासाठी."

"त्याचं नाव येईल हे ध्यानातच आलं नाही." आत्याचा आवाज फाटला. "आणि आलं तेव्हा... तेव्हा मी विणत बसले."

बाहेर साहेबांचा चढलेला आवाज येत होता. इथून तो लांबच्या भांडणासारखा वाटत होता.

"एक सांगू? राग मानू नको," आत्या म्हणाली. "तू आम्हाला रोज सांगतेस, 'मग' नको, 'म्हणून' हवं. आणि शेवटच्या भागात काय लिहिलंस? सकाळ होते, आत्या उठते, दार उघडते आणि जाते. का जाते ग ती? इतकी वर्षं गेली नाही, आजच का?"

"कारण..." लेखिका थांबली. "कारण मालिका संपवायची होती."

"ते तुझं कारण झालं. तिचं काय?"

लेखिकेला चपराक बसल्यासारखं झालं. तिने मनातल्या मनात तो प्रसंग पुन्हा वाचला. सुंदर वाक्यं होती. पहाटेचं वर्णन होतं, दाराच्या कडीचं होतं. पण म्हातारीला जायला कारण कुठेच नव्हतं. तिने आत्याला बाहेर काढलं नव्हतं, ढकललं होतं.

"काल बोलताना माझी जीभ अडखळत होती ती त्यामुळे," आत्या म्हणाली. "खोटं बोलतेय असं वाटत होतं." मग तिने खुर्चीच्या हाताला धरून स्वतःला उभं केलं. "चल. तो पोरगा ताटकळलाय."

६

आत्याने सगळ्यांसमोर सांगितलं. आडपडदा न ठेवता, पण फार लांबणही न लावता. हिरोचं तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

ध्वनिमुद्रकाने खडीतून टेप काढली, पिशवी झटकली, चक्रीवरून बोट फिरवून पाहिलं. ती नीट असल्याची खात्री झाल्यावरच तो बोलला.

"मॅडमना कळलं नसतं, तर तुम्ही सांगितलं असतंत?"

आत्याने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "सांगितलं असतं असं म्हणायला तोंड नाही रे मला."

त्याने मान हलवली. माफ केलं असं नव्हतं ते. ऐकलं, एवढंच.

"झालं गेलं," साहेब म्हणाले. "आत्या, यापुढे या केंद्रात तुम्हाला काम देता येणार नाही. तुम्हीच समजून घ्या. टेप मिळाली, संध्याकाळी लावू."

"नका लावू," लेखिका म्हणाली.

"आता तुम्ही सुरू करा!"

"शेवटचा प्रसंग चुकलाय साहेब. माझा चुकलाय. मला थोडा वेळ द्या आणि आत्यांना आजचा दिवस द्या. सगळे इथेच आहेत, दारालाही कुलूप आहे."

साहेबांनी घड्याळाकडे, मग छताकडे पाहिलं. मग खिशातली किल्ली काढून वायरमनच्या हातात ठेवली. "तुम्ही तरी सुटा," ते त्याला म्हणाले, आणि तोच होकार होता.

लेखिका कोपऱ्यात बसून लिहू लागली. धागा गोष्टीतच पडून होता आणि तिच्या लक्षात आला नव्हता. घरातली धाकटी सून. नवऱ्याची बदली दूर झाली, पण आत्याला सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून ती मागे राहिलेली. मागच्या कित्येक भागांत ती नुसती भांडी घासत आणि हो म्हणत होती. लेखिकेने तिला फक्त एक वाक्य दिलं. रात्री ती नवऱ्याला फोनवर म्हणते, "आत्या आहेत तोवर मला कसं निघता येईल?" आणि ते आत्याच्या कानावर पडतं.

बाकीचं सोपं झालं. आपण ज्या दाराआड इतकी वर्षं राहिलो, ते दुसऱ्या कुणाला तरी आत कोंडतंय, हे त्या म्हातारीला कळतं. म्हणून ती जाते.

आत्याने कागद वाचला. दोनदा वाचला.  माईकसमोर जाऊन उभी राहिली आणि काचेपलीकडे बघत म्हणाली, "लाव बाबा."

एकदाही तिची जीभ अडखळली नाही. हिरोचं शेवटी एक वाक्य होतं, 'आत्या, थांब'. ते त्याने नकळत दोनदा म्हटलं आणि त्याला स्वतःलाच त्याचा अचंबा वाटला. खडीवरची पावलं ध्वनिमुद्रकाने वाजवली. हलकी, संथ, थोडी थबकणारी, म्हाताऱ्या माणसाची.

संध्याकाळी साहेब घरी गेले, हिरोही गेला. ध्वनिमुद्रकाला भाग प्रसारित होईपर्यंत थांबणं भाग होतं. आत्या शाल गुंडाळून निघाली, पण त्याच्या दाराशी घुटमळली.

"इथे बसून ऐकू का? या वेळेला मी कायम बसमध्ये असते. कधी ऐकलीच नाही मी आपली मालिका."

त्याने आधी आवाजाचं बटण लावून घेतलं. मग पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. "बसा. हलू नका. करकरते ती."

लेखिका मागे भिंतीला टेकून उभी राहिली. आत्या पदराचं टोक तोंडाशी धरून ऐकत होती, कुठल्याही घरातली कुठलीही बाई ऐकेल तशी, पुढे काय होणार हे ठाऊकच नसल्यासारखी. सुनेचा फोन झाला. दार उघडलं. खडीवरून पावलं गेली, लांब गेली, ऐकू येईनाशी झाली.

"गेली बाई," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने तिने ध्वनिमुद्रकाकडे पाहिलं. "आता कुठे गेली असेल रे?"

तो बटणं बंद करत होता. हात थांबला. त्याने खरोखर विचार केला.

"बहिणीकडे," तो म्हणाला. "तिला एक धाकटी बहीण असणार. पण भांडण झालेलं आहे दोघींचं, जुनं. म्हणून तर इतकी वर्षं गेली नव्हती."

"अगबाई," आत्या पुढे सरकली आणि खुर्ची करकरली. "आणि तिने दार उघडलं नाही तर?"